कुरडयांच्या दिवशी मोबाईल काढा: घरचा व्हिडिओ शूट आणि एडिट करायला शिकताना

नवा मोबाईल हातात आला की बहुतेक लोक पहिला मोठा व्हिडिओ काढतात तो लग्नाचा नाहीतर ट्रिपचा, आणि शिकायला या दोन्ही गोष्टी एकदम वाईट. लग्नात तुमच्यासाठी कोणी थांबत नाही, अंतरपाट एकदाच खाली येतो आणि नेमका तेव्हा तुमच्यासमोर कोणाचा तरी फेटा असतो. ट्रिपला तुम्ही स्वतःच मजा करायला गेलेले असता, त्यामुळे निम्मं शूट चालत्या गाडीच्या काचेतून होतं. मला विचाराल तर शिकायला उन्हाळ्यातलं वाळवण सगळ्यात बेस्ट, त्यातही कुरडया. एक तर कामाला ठरलेली सुरुवात आणि शेवट आहे, दुसरं म्हणजे तीच क्रिया शंभर वेळा होते म्हणून एक शॉट हुकला तर पुढची कुरडई आहेच, आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कामात गुंतलेली माणसं कॅमेऱ्याकडे बघून अवघडत नाहीत, त्यांचं बोलणं चालूच राहतं. घरचा व्हिडिओ उभा राहतो तो या बोलण्यावर. चित्र जरा हललं, जरा काळं आलं तरी घरचे बघतात, पण आजी काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही तर दुसऱ्या मिनिटाला लोक उठून जातात. म्हणून या लेखात आवाजाबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे.

कुरडया नसतील होत तुमच्याकडे तर पापड, सांडगे, लोणचं, दिवाळीचा फराळ, काहीही चालेल, पद्धत तीच.

आधी काम समजून घ्या

गहू साधारण तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि उकळत्या पाण्यात मीठ हिंग घालून चीक शिजवायचा. मग गरम गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर किंवा बाजेवर कुरडया घालायच्या. घरोघरी यात फरक असतो, तेव्हा आदल्या दिवशी आईला नाहीतर मामीला विचारून घ्या की किती वाजता गॅस पेटणार, कुठे बसणार, कोण कोण येणार. हे विचारणं म्हणजेच तुमची स्क्रिप्ट, वेगळं काही लिहायला नको.

यातून उजेडाचा हिशोब लगेच कळतो. चीक शिजतो पहाटे, म्हणजे स्वयंपाकघरात एक ट्यूब किंवा एलईडी बल्ब, बाहेर अंधार. गच्चीवर जाईपर्यंत सूर्य वर आलेला पण अजून तिरका, हा सगळ्यात भारी उजेड, साधारण नऊपर्यंत टिकतो. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि कुरडईचे तार सपाट पांढरे दिसायला लागतात. म्हणून गच्चीवरचे महत्त्वाचे शॉट पहिल्या तासात उरकायचे, नंतर नुसती माणसं आणि गप्पा.

आणि एक. बायका जुन्या साडीत, गाऊनमध्ये, डोक्याला फडकं बांधून बसलेल्या असतात. शूट करायच्या आधीच सांगा की करतोय, आणि फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी परत विचारा. काकू नको म्हणाल्या तर नको, त्यांचे फक्त हात घ्या.

मोबाईलची सेटिंग, एकदाच करा आणि विसरा

गेल्या सात-आठ वर्षांतला कुठलाही बरा फोन चालतो. कॅमेरा विकत घ्यायच्या फंदात इतक्यात पडू नका.

रिझोल्यूशन १०८०पी पुरेसं आहे. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की एचईव्हीसीमध्ये (फाईल लहान ठेवणारा प्रकार, याचंच दुसरं नाव एच.२६५) १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे ३० चित्रं, याला मिनिटाला ६० एमबी लागतात, ४के ३० ला १७०, आणि ४के ६० ला तब्बल ४००. म्हणजे तासभर ४के शूट केलं तर १० जीबीच्या वर गेलात. ४के चा एक फायदा खरा आहे, की नंतर एडिटमध्ये फ्रेम कापून जवळचा शॉट बनवता येतो. पण जुना लॅपटॉप ४के ला धापा टाकतो, त्यामुळे पहिले दोन-तीन व्हिडिओ १०८०पीच करा.

फ्रेम रेट २५ ठेवा, मिळत असेल तर. कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे, साध्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. ३० किंवा ६० फ्रेमला फोन स्वतःच्या मनाने १/६० शटर (म्हणजे एका फ्रेमसाठी किती सेकंद उजेड आत घ्यायचा ते) घेतो आणि मग व्हिडिओत काळसर पट्टे वरखाली सरकताना दिसतात, पहाटेच्या स्वयंपाकघरात तर हमखास. उपाय म्हणजे शटर १/५० किंवा १/१०० ला ठेवायचं, तेव्हा प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पूर्ण झटके बसतात आणि पट्टे जातात. आयफोनमध्ये कॅमेऱ्याच्या रेकॉर्ड व्हिडिओ सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवा असा पर्याय आहे, तो चालू केला की २५ दिसायला लागतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये २५ नसतं, तिथे प्रो व्हिडिओ मोडमध्ये जाऊन ३० फ्रेमच ठेवा पण शटर १/५० करा, तेही चालतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, आयफोनवर २०२३ ला आलं आणि अँड्रॉइडवर २०२४ ला, त्यात शटर, आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ते), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगाचा तोल) सगळं हाताने लॉक करता येतं. फक्त ते सगळ्याच अँड्रॉइडवर चालत नाही, तुमच्या फोनवर मिळतंय का बघा.

नवीन आयफोनवर एचडीआर व्हिडिओ (उजळ-गडदातला फरक जास्त दाखवणारा प्रकार) चालू असतो, तो बंद करा. फोनवर झकास दिसतो आणि कॉम्प्युटरवर आणला की रंग फिके नाहीतर भगभगीत होतात, मग तासभर रंग दुरुस्त करत बसा.

एक्स्पोजर (चित्र किती उजळ येणार ते) आणि फोकस लॉक करायला शिका, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर होतं. याचं कारण कुरडयांच्या बाबतीत फारच उघड आहे. पांढऱ्या धोतरावर पांढऱ्या कुरडया असं दृश्य फोनला दिलं की फोनला वाटतं बाप रे किती उजेड, आणि तो सगळंच करडं करून टाकतो, त्यात आजीचा चेहरा काळा ठिक्कर. अशा वेळी हातावर बोट दाबून लॉक करायचं, मग उजेडाची पट्टी हळूहळू वर न्यायची आणि कुरडईचे तार एकमेकांपासून वेगळे दिसायचे बंद होतील असं वाटलं की लगेच थांबायचं. एकदा पांढरं जळलं की एडिटमध्ये कुठल्याही सॉफ्टवेअरच्या बापाला ते परत आणता येत नाही. काळं मात्र थोडंफार उजळता येतं.

व्हाइट बॅलन्स लॉक करता आला तर स्वयंपाकघरात आणि गच्चीवर वेगवेगळा करा. उन्हात ५६०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब असेल तर ३००० च्या जवळ. ऑटोवर ठेवलं तर कोणी लाल साडी नेसून समोरून गेलं की चीक निळा दिसायला लागतो.

आणि शूटच्या वेळी एअरप्लेन मोड. ऐन सोऱ्या फिरताना गॅस सिलेंडरवाल्याचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं, हे ज्याच्या बाबतीत झालंय त्याला विचारा.

आवाज, म्हणजे निम्मा व्हिडिओ

फोनचा माईक वाईट नसतो, तो लांब असतो. अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथाईवर येते, आणि एक्झॉस्ट फॅन, मिक्सर, शेजारच्यांची मोटर हे सगळं मात्र आहे तसंच राहतं. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे, जवळ जा. हातभर अंतरावरून शूट केलं तर साधा फोनही छान आवाज घेतो. दुसरा उपायही फुकटचा, शक्य तेवढ्या गोष्टी बंद करा. फॅन पाच मिनिटं बंद ठेवायला सांगितला तर घरचे ओरडतील पण ठेवतील, फ्रिजही बोलण्याच्या वेळेपुरता बंद करू शकता, नंतर चालू करायची आठवण म्हणून स्वतःची गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा.

तिसरा उपाय, घरातला दुसरा फोन. त्यात साधं रेकॉर्डर ॲप चालू करून माणसाच्या जवळ कुठेतरी ठेवा, पोळपाटाच्या मागे, डब्याच्या आडोशाला, आणि सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एकदा जोरात टाळी वाजवा. एडिटमध्ये टाळीचा टोक दोन्हीकडे स्पष्ट दिसतो, ती दोन टोकं जुळवली की आवाज चित्राला बसला. सिनेमात क्लॅप मारतात त्याचं कारण हेच आहे. थोडे पैसे घालायचे असतील तर पहिले पैसे वायरलेस कॉलर माईकवर घाला, टाइप-सी ला लागणारे आता परवडतात, लेन्स आणि गिंबल (फोन हलू न देणारी दांडी) नंतर बघू. माईक पदराला लावताना पदर घासणार नाही अशी जागा बघा, नाहीतर पूर्ण वेळ खसखस ऐकू येते. गच्चीवर वाऱ्याला केसाळ टोपी लागते, ती माईकसोबत मिळते, नसेल तर वाऱ्याकडे स्वतःची पाठ करून उभे राहा.

एक सवय मात्र लावून घ्या: प्रत्येक जागी कोणी बोलत नसताना मिनिटभर नुसता आवाज रेकॉर्ड करा. स्वयंपाकघरातली गॅसची सुसू, गच्चीवरचे कावळे, खाली भाजीवाल्याची हाक. एडिट करताना दोन वाक्यांच्या मध्ये कट मारला की तिथे एकदम सुन्न शांतता येते आणि कानाला खटकतं, तिथे हा आवाज खाली अंथरायचा.

आता बोलतं कसं करायचं. "आजी, कुरडयांबद्दल सांग ना काहीतरी" असं म्हटलं की आजी म्हणणार "काय सांगायचं त्यात", संपलं. कामातलाच बारीक प्रश्न विचारा. चीक शिजला हे कशावरून कळतं? गुठळी झाली तर काय करायचं? तुम्हाला हे कोणी शिकवलं, सासूबाईंनी की आईने? या शेवटच्या प्रश्नावर तर अर्धा तास निघतो. आणि उत्तर चालू असताना तुम्ही "हो हो", "अरे वा" करू नका, नुसती मान हलवा, तुमचा आवाज माईकच्या सगळ्यात जवळ असतो. उत्तर संपलं असं वाटलं तरी पाच सेकंद गप्प राहा, खरी गंमत बऱ्याचदा त्या पाच सेकंदांनंतर येते.

प्रत्यक्ष शूट

फोन आडवा. यावर चर्चा नको, स्टेटसला टाकायचं असेल तर नंतर कापून उभा करता येतो.

नवीन माणसाची सवय अशी की रेकॉर्ड दाबायचं आणि होजपाईपने झाडांना पाणी घालावं तसा फोन सगळीकडे फिरवत राहायचं. ते बंद. एक शॉट म्हणजे एक गोष्ट, फोन स्थिर, मनात दहापर्यंत मोजायचं, थांबवायचं, मग जागा बदलून पुढचा. झूम करायचा नाही, दोन पावलं पुढे जायचं, बोटांनी केलेला झूम बऱ्याच वेळा नुसता फोटो ताणल्यासारखा असतो. कोपरं पोटाला टेकवा, भिंतीला टेका, किंवा गव्हाच्या डब्यावर फोन ठेवा. साधा ट्रायपॉड असला तर उत्तमच.

प्रत्येक क्रियेचे पाच शॉट घ्या अशी एक जुनी टीव्हीवाल्यांची पद्धत आहे, ती डोळे झाकून पाळा. सोऱ्याचंच उदाहरण घेऊ. पहिला, हातांचा जवळून, दांडा फिरतोय आणि खालून तार पडतायत. दुसरा, त्याच माणसाचा चेहरा. तिसरा, लांबून, म्हणजे गच्ची, बाज, किती जण बसलेत ते सगळं. चौथा, तिच्या खांद्यावरून, तिला जसं दिसतंय तसं. पाचवा, तुम्हाला सुचेल तो वेगळा, एकदम वरून सरळ खाली धरला तर कुरडईचा गोल फार सुंदर येतो, किंवा धोतराच्या कडेला फोन जमिनीवर ठेवून तिरक्या उन्हात तारांच्या सावल्या. हे पाच मिळाले की एडिटमध्ये तुम्ही राजा, कुठेही अडणार नाही. हात आणि चेहरा हे दोन तर कधीही चुकवू नका, बाकीचे राहिले तरी निभावतं.

हे घेताना शक्यतो एकाच बाजूला राहा. आजी डावीकडून आणि मामी उजवीकडून समोरासमोर बसल्यात तर त्यांच्या मध्ये एक रेघ आहे असं समजा आणि ती ओलांडू नका, नाहीतर एडिटमध्ये दोघी एकाच दिशेला बघतायत असं दिसतं आणि बघणाऱ्याचा गोंधळ होतो.

वाफेचं बघा. चीक घाटताना पातेल्यावर फोन धरला की लेन्सवर वाफ जमते आणि सगळं धुरकट, आणि स्क्रीनवर ते पटकन लक्षात येत नाही. स्वच्छ सुती रुमाल खिशात ठेवा, दर शॉटच्या आधी पुसा, तेलकट हाताचा शर्ट नको. वाफ दिसायला हवी असेल तर उजेड मागून किंवा बाजूने यायला हवा, म्हणजे खिडकी समोरच्या बाजूला ठेवा, पाठीमागे नको. चीक पारदर्शक होऊन चकाकी येते तो क्षण जवळून जरूर घ्या, चाटूवरून तो कसा ओघळतो ते, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी तेवढंच बघायला व्हिडिओ उघडणार आहे.

गच्चीवर फोन तापतो. ॲपल स्वतःच सांगतं की आयफोन ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरावा, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापूर, जळगाव, अकोला इथे चाळीसच्या पुढे काय चालतं ते वेगळं सांगायला नको. फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग रेकॉर्डिंग बंद पडतं. कव्हर काढून टाका, शॉट झाला की सावलीत ठेवा, आणि थंड करायला फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत-बाहेर दव धरतं.

दिवसभरात कुरडया वाळतात त्याचा टाइमलॅप्स घ्यायचा मोह होतो. घ्या, पण जुन्या फोनवर, सावलीच्या जागेतून, आणि कोणी उलटायला येईल तेव्हा फोनला धक्का लागणार नाही असा.

तळणीचा शॉट त्या दिवशी मिळणार नाही, कुरडई पूर्ण वाळल्यावर दोन-तीन दिवसांनी कधीतरी तळून घ्या. तापलेल्या तेलात ती दोन-तीन सेकंदात फुलते, म्हणून स्लो मोशन हवाच, १२० किंवा २४० फ्रेम. इथे परत तो विजेचा घोटाळा, स्लो मोशनला शटर इतकं पटापट उघडतं की ट्यूबखाली पूर्ण चित्र लुकलुकतं. कढई दिवसा खिडकीजवळच्या शेगडीवर घ्या, ट्यूब बंद करा. आणि फोन तेलापासून लांब, इथे मात्र झूम माफ.

घरी आल्यावर, म्हणजे गच्चीवरून खाली आल्यावर

सगळं त्याच दिवशी केबलने कॉम्प्युटरवर कॉपी करा. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवू नका, ते व्हिडिओ दाबून टाकतं. तारखेचा फोल्डर, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे क्रम आपोआप लागतो. दुसरी कॉपी एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही ठिकाणी एकेक फाईल उघडून बघितल्याशिवाय फोनमधून काही डिलीट करायचं नाही.

एडिट

सॉफ्टवेअर कुठलं? लॅपटॉप बरा असेल, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड, तर डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती, त्यात घरच्या कामाला लागतं ते सगळं आहे आणि वॉटरमार्क येत नाही. लॅपटॉप जुना असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, दोन्ही फुकट आणि हलके. मॅकवर आयमूव्ही आहेच. लिनक्सवाल्यांनी लक्षात ठेवा, फुकट रिझॉल्व्ह तिथे फोनच्या एच.२६४ आणि एच.२६५ फाईली उघडत नाही, तुम्हाला केडेनलाइव्हच सोयीचं. फोनवरच करायचं असेल तर व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर यातलं काहीही. पण माझा सल्ला, माणसांच्या बोलण्याचं एडिटिंग मोठ्या स्क्रीनवर आणि हेडफोन लावून करा, फोनच्या स्क्रीनवर वाक्य नेमकं कुठे संपतं ते बोटाने पकडणं वैताग आहे.

सगळ्यात आधी प्रोजेक्टचा फ्रेम रेट, तुम्ही शूट केलाय तोच. रिझॉल्व्हमध्ये एकदा क्लिप टाकल्या की तो बदलता येत नाही. दुसरी भानगड, फोन व्हिडिओचा फ्रेम रेट कायम ठेवत नाही, मध्येच २९, मध्येच ३० असं चालतं, आणि लांब क्लिपमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू फाटत जातात. असं झालं तर हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममधून त्या क्लिप कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून काढा आणि मग एडिटला घ्या. क्लिप अडखळत चालत असतील तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांच्या छोट्या हलक्या कॉपी करून देतं, एडिट त्यावर चालतं आणि शेवटी मूळ फाईल वापरली जाते.

आता सगळं शूटिंग एकदा बघून काढा, कंटाळा आला तरी, हातात वही घेऊन. कुठल्या क्लिपमध्ये कोण काय चांगलं बोललं तेवढंच लिहा.

मग एडिट बोलण्यापासून सुरू करा. बहुतेक जण सुंदर शॉट आधी लावतात आणि वर गाणं टाकतात, झाला व्हिडिओ, तो कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. त्याऐवजी चांगली वाक्यं तेवढी कापून एकामागे एक टाइमलाइनवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या क्लिप लावायच्या पट्टीवर, लावा, चित्र कसं दिसतंय ते बघूच नका. डोळे मिटून ऐका. आजी चीक कसा ओळखायचा ते सांगते, मामी मध्येच म्हणते "तुमच्या हाताला जमतं, आमचा कडक होतो", सगळ्या हसतात, मग सासूबाईंची गोष्ट. ऐकताना कथा लागली की पाठीचा कणा तयार. इतकं बोलणं तीन-चार मिनिटांच्या वर गेलं तर वाक्यं कमी करा, पूर्ण व्हिडिओ पाच-सहा मिनिटांच्या पुढे नको.

मग वरच्या ट्रॅकवर चित्रं चढवा. आजी "हाताला चिकटलं नाही पाहिजे" म्हणतेय तिथे तिचा चेहरा थोडा वेळ दाखवून हाताचा शॉट, खालून आवाज तिचाच चालू. जिथे वाक्यात कट मारलाय तिथे वरून हातांचा किंवा वाफेचा शॉट टाकला की कट लपतो, पाच शॉट घ्यायला सांगितले ते यासाठीच. स्वयंपाकघरातून गच्चीवर जाताना गच्चीचा आवाज एखादा सेकंद आधी सुरू करा, चित्र अजून पातेल्यावरच आहे आणि कावळे ऐकू यायला लागले, मग गच्ची दिसते. याला जे-कट म्हणतात. उलटं, म्हणजे आधीच्या जागेचा आवाज पुढच्या चित्रावर थोडा ओढला तर एल-कट. या दोनच गोष्टींनी घरचा व्हिडिओ एकदम वेगळ्या दर्जाचा वाटायला लागतो, खरंच.

कट कधी मारायचा? हालचाल चालू असताना. सोऱ्याचा दांडा अर्धा फिरलाय लांबच्या शॉटमध्ये, उरलेला अर्धा जवळच्या शॉटमध्ये, बघणाऱ्याला कट कळतच नाही. बाकी पानं उलटणं, बदाम उडणं, तारे फिरणं हे इफेक्ट लग्नाच्या कॅसेटवाल्यांना राहू द्या. साधा कट, आणि दिवस बदलला तर एखादा फेड.

पहिला कच्चा कट झाला की एक दिवस बाजूला ठेवा, मग बघताना जिथे तुमचा हात घड्याळाकडे जातो ती जागा कापा.

आवाजाची पातळी बघताना मीटरवर बोलण्याची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहतील असं करा, लाल लागला तर आवाज फाटणार. संगीत हवंच असेल तर बोलण्याच्या खाली जेमतेम कळेल इतकं. सिनेमाचं गाणं घरच्या टीव्हीवर बघायला ठीक, पण यूट्यूबवर टाकलं की त्यांची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखते आणि दावा येतो, तेव्हा यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं फुकट संगीत घ्या. माझं म्हणाल तर कुरडयांच्या व्हिडिओला संगीत लागतच नाही, सोऱ्याची करकर आणि बांगड्या पुरतात.

रंगाचं थोडक्यात. आधी स्वयंपाकघरातले सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, मग गच्चीवरचे. चेहऱ्याचा रंग बरोबर दिसला की बाकीचं बरोबर असतं. रंगांची पट्टी थोडीशीच वाढवा, हळदी-कुंकवाचा रंग डोळ्यात घुसायला लागला की मागे या.

नावं मराठीत टाका, म्हणजे आजीचं नाव, गाव, तारीख. मुक्ता आणि बलू या फॉन्टचं मला कौतुक आहे, फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या एक टाइपने केलेत, फुकट आहेत आणि स्क्रीनवर वाचायला स्वच्छ. काही सॉफ्टवेअर देवनागरी नीट लावत नाहीत, वेलांटी भलतीकडे जाते, रफार सुटतो, जोडाक्षर तुटतं. तसं झालं तर इंकस्केप नावाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये नाव लिहून पारदर्शक पीएनजी बनवा आणि चित्र म्हणून वर ठेवा. जुन्या टायपिंगचे युनिकोड नसलेले फॉन्ट वापरू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की अक्षरांची खिचडी.

घरात जुनी मिनीडीव्ही कॅसेट असेल आणि त्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं हेच वाळवण असेल तर त्यातले वीस सेकंद यात टाकायला फार मजा येते. ती फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर घ्यावी लागते, तासाला साधारण १३ जीबी होतात. चित्र ७२० बाय ५७६ चं आणि चौकोनी असतं, ते ओढून रुंद करू नका, सगळे जाडे दिसतात, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि त्यात कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस करा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तो पर्याय असतो.

बाहेर काढणं आणि वाटणं

एमपी४, एच.२६४, १०८०पी, शूट केला तोच फ्रेम रेट, बिटरेट १० एमबीपीएस, आवाज एएसी ४८ किलोहर्ट्झ. पाच मिनिटांची फाईल पावणेचारशे एमबीच्या आसपास होते. एच.२६५ मध्ये फाईल लहान होते पण मामाच्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर ती चालत नाही आणि मग तुम्हालाच फोन येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसत नाही हेही लक्षात असू द्या.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत आहे तशी फाईल जाते. परदेशातल्या मुलांना, बहिणींना यूट्यूबवर अनलिस्टेड करून लिंक पाठवणं सोपं पडतं, लिंक ज्याच्याकडे आहे त्यालाच दिसतं, पण लिंक पुढे पाठवता येते एवढं ध्यानात ठेवा. खातं व्हेरिफाय केलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही, आपला पाच मिनिटांचाच आहे.

व्हिडिओत आजीचं बोलणं तीन मिनिटं आलं पण शूट केलेलं चाळीस मिनिटं असेल, तर त्या चाळीस मिनिटांचा नुसता आवाज वेगळा डब्ल्यूएव्ही फाईल म्हणून काढा, फाईलच्या नावात तिचं नाव आणि तारीख घाला, आणि हार्ड डिस्क आणि क्लाउड असं दोन्हीकडे ठेवा. जागा फार खात नाही, चाळीस मिनिटं मोनोमध्ये २५० एमबीच्या आत बसतात. एडिटचा प्रोजेक्ट नंतर उडवला तरी चालेल.